जानू घाडीनं माणसांना घातलेलं गाऱ्हाणं

फार वर्षांमागची गोष्ट. तेव्हा हेदळपाणी गावात जायला रस्ता नव्हता, फक्त खाडी होती आणि होडी होती. त्या गावात जानू घाडी नावाचा माणूस राहत असे. गावाच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याकडे होता. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून मोठ्यानं केलेली विनवणी. जानू एकेक मागणं मागे आणि जमलेला गाव प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणे. एकदा व्हय म्हटलं की ते गावाला बांधलेलं. मग मागे फिरणं नाही.

जानूचा आवाज असा होता की देवळात त्यानं गाऱ्हाणं सुरू केलं की समुद्रातले मासेमार वल्ही थांबवून तिथूनच व्हय म्हणत. असं म्हणतात. देऊळ ते समुद्र हे अंतर मी स्वतः चाललो आहे, पाऊण तास लागतो. पण सांगणारे तसंच सांगतात, म्हणून मीही तसंच लिहितो.

जानूला अक्षर येत नव्हतं. त्याच्या मुलाला येत नव्हतं. चंद्री नावाची नात होती, तिला यावं एवढी एकच इच्छा त्याच्या मनात होती. ती इच्छा त्यानं कधी देवाला सांगितली नव्हती. स्वतःसाठी मागायचं नाही, असा गाऱ्हाणं घालणाऱ्या घाड्याचा नियम.

देश स्वतंत्र झाला आणि दोन-तीन वर्षांत गावाला सरकारी शाळा मिळाली. तालुक्याचे साहेब होडीतून आले आणि म्हणाले, "शाळा उघडायच्या दिवशी चाळीस मुलं बसलेली दिसली पाहिजेत. एकोणचाळीस असली तरी शाळा दुसऱ्या गावाला जाईल." अलीकडच्या काठावर अठ्ठावीस घरं होती आणि मुलंही अठ्ठावीस. पलीकडच्या काठावर ख्रिस्ती आणि मुसलमान मिळून तेरा घरं, तिथली मुलं तेरा. एकेचाळीस झाली. गाव खूश झाला.

पाया घालायच्या दिवशी जानूनं गाऱ्हाणं घातलं. पलीकडची माणसंही होडीनं आली होती, जांभ्याचे चिरे त्यांनीही वाहिले होते. गाऱ्हाण्यात घरांची नावं घ्यायची रीत आहे. जानूनं ती वडिलांनी शिकवली होती तशी, त्याच क्रमानं घेतली. परब, राऊळ, मेस्त्री, तांडेल अशी अठ्ठावीस घरं. तेवढीच त्याला पाठ होती. अठ्ठाविसाव्या नावाला तो थांबला, गावानं "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि पलीकडची माणसं होडीत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी चिरे वाहायला कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी दोघं आले. बस्त्यांव लोबो आणि याकूब खतीब.

बस्त्यांव म्हणाला, "जानूदादा, तू अठ्ठावीस घरां घेतलंस. आमचा एक पण नाय."

"अरे, माझ्या बापाशीन शिकवल्यान तसाच म्हटलंय मी."

"मग शाळा त्या अठ्ठावीस घरांची," याकूब म्हणाला. "आमची पोरां तुमच्या देवाक व्हय म्हणूची नायत, आणि गाऱ्हाण्याच्या वेळेक उन्हात भायर पण उभी रवूची नायत. घरीच बरी."

ते गेले. जानू चिऱ्यांच्या ढिगावर बसून राहिला. आपल्याच तोंडानं आपण तेरा मुलं परत पाठवली आणि त्यांच्याबरोबर चंद्रीची शाळाही, हे त्याला तिथं उमगलं.

गावात बैठक बसली. गावप्रमुख विश्राम परब म्हणाले, "गाऱ्हाण्याशिवाय हंय होडयेचो दोर सुटणा नाय, आणि शाळा उघडतली?" कोणी म्हणालं, तिन्ही देवांची प्रार्थना करू. मग आधी कोणाची, यावरून दुपार गेली. साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "मी रोज सकाळी पूजा करून घरातून निघतो. पण शाळा सरकारची आहे, आणि सरकारच्या घरात एकालाच पाट मांडता येत नाही. मला चाळीस मुलं दाखवा."

मग जानू कौल लावायला देवळात गेला. देवाच्या ओल्या पाषाणावर उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा फुलाच्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. जानूनं विचारलं, "शाळेत तुझा गाऱ्हाणा घालू की नको?" आणि तो बसला. सगळा गाव बसला. एकही पाकळी पडेना. उन्हं चढली, उतरली, पाषाण कोरडा ठणठणीत झाला, तरी पाकळ्या तशाच. आणि मग दोन्ही एकाच क्षणी पडल्या. असं त्याआधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही, असं म्हणतात.

"ह्येचो अर्थ काय?" विश्रामनी विचारलं.

जानू दोन्ही पाकळ्या उचलत म्हणाला, "देव म्हणता, ह्या माझा काम न्हय. माणसांचा काम माणसांक इचार."

"मेल्या, तुझो गळो सरकारान इकत घेतलो की काय?" विश्राम म्हणाले, आणि लोक हसले. जानू हसला नाही.

त्यानंतर आठ दिवस तो रोज होडीनं पलीकडे जाई आणि दारोदार बसून घरांची नावं पाठ करी. लोबो, खतीब, पिंटो, मुजावर. उतारवयात नवीन शब्द तोंडात बसत नाहीत. येताना होडीत तो ती पुटपुटत असे आणि वल्हेकरी चुका सुधारत असे.

शाळा उघडायच्या आदल्या संध्याकाळी जानूनं देवळात देवाला नेहमीसारखं गाऱ्हाणं घातलं. सकाळी गाव शाळेपुढे जमला. पलीकडच्या तीन होड्या निघाल्या होत्या, पण खाडीच्या मध्यावर येऊन थांबल्या. कोणाचं नाव निघतं, ते त्यांना ऐकायचं होतं.

जानू पायरीवर चढला. त्यानं देवळाकडे तोंड केलं नाही. लोकांकडे केलं.

"माणसांनू, आयका!"

"अरे जानू, देवाचा नाव खंय?" विश्राम ओरडले.

"देव देवळात आसा. त्येका मी काल सांगान इलंय. आज म्हाराजा तुमीच. आज तुमका सांगतंय." आणि त्यानं घरं घ्यायला सुरुवात केली. आधी पलीकडची तेरा, मग अलीकडची अठ्ठावीस, एकही न चुकता. "ह्या एकेचाळीस घरांचा एकव पोर ह्या उंबऱ्यावरसून परत जाता नये. कोणाचो देव खंयचो, ता हंय इचारू नये. भिजान इला तर पुसा. अक्षर येणा नाय म्हणान हसा नको. काय म्हणतास, म्हाराजा?"

कोणी बोलेना. देवाला व्हय म्हणणं सोपं असतं, पुढचं देव बघतो. हे तर स्वतःलाच पाळायचं होतं.

मागून एक म्हातारा आवाज आला. "व्हय म्हाराजा!" विश्राम परबांची आई होती. बायकांनी गाऱ्हाण्यात बोलायची रीत नव्हती.

"आये, गप रव!"

"तुका पोटात वागवलंय तेवा कोणाक इचारूक गेलंय नाय. व्हय म्हणतंय तर म्हणतंय!"

आधी बायका हसल्या, मग बायकाच म्हणाल्या, मग पुरुष, आणि शेवटी विश्रामही. आणि खाडीच्या मध्यावरून, तीन होड्यांमधून, "व्हय म्हाराजा" आलं. त्या वेळी ओहोटी लागली होती आणि होड्या काठाला येईपर्यंत पाणी उरणार नव्हतं, पण पाणी जागच्या जागी थांबलं आणि तेरा मुलं पाय न भिजवता उतरली, असं म्हणतात. भरती-ओहोटीचं मी थोडंफार वाचलं आहे. पाणी असं थांबत नाही. तरीही दर वेळी ही गोष्ट सांगताना इथं मला शंका घेववत नाही.

साहेबांनी मुलं मोजली. एकेचाळीस. चंद्री पहिल्या ओळीत होती.

आजही हेदळपाणीच्या शाळेत दर वर्षी उघडण्याच्या दिवशी प्रार्थना होत नाही. ज्याला करायची तो आदल्या संध्याकाळी आपापल्या देवळात, मशिदीत, चर्चमध्ये करतो. सकाळी गावातलं सर्वांत वयस्कर माणूस, बाई असो की बुवा, पायरीवर उभं राहून घरांची नावं घेतं, आणि मोठी माणसं व्हय म्हणतात. मुलांनी म्हणायचं नाही, त्यांनी फक्त ऐकायचं. नावं आता दोनशेच्या वर गेली आहेत, वाचायला अर्धा तास लागतो आणि लोक कुरकुरतात. गेल्या वर्षी खाडीवरच्या पुलाच्या कामाला कर्नाटकातून एक कुटुंब आलं होतं, चार महिन्यांसाठी, पत्र्याच्या खोपट्यात राहायला. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी दोघं जण तिथं जाऊन आडनाव नीट विचारून आले. सकाळी ते नाव सर्वांत आधी घेतलं गेलं. त्या कुटुंबातल्या बाईला मालवणी कळत नव्हती. आपलं नाव ऐकून ती दचकली, आणि सगळा गाव व्हय म्हणाला तेव्हा तिनं मुलीचा हात सोडला, आणि मुलगी उंबरा ओलांडून शाळेत गेली.