गुराखी म्हणजे कोण?

"गुराख्याची साक्ष चालणार नाही!" हंबीरराजांनी गादीवर थाप मारली. "कोशात बघा!"

कोशकार अनंतभटांनी लगबगीनं पोथी उघडून वाचलं, "गुराखी : मूर्ख, मठ्ठ, बिनडोक."

झालं! समोर हात जोडून उभा असलेला सटवा गुराखी तोंड उघडण्याआधीच बाद झाला. चाळीस वर्षं त्यानं गावाची गुरं राखली होती. गायरानाच्या शिवेचा दगड कुठे होता, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आठ दिवसांपूर्वी तो दगड एका रात्रीत तीनशे पावलं गावाकडे सरकला आणि ओढ्यासकट अर्धं गायरान राजाच्या घोड्यांच्या कुरणात गेलं. वर पागेदार नरसोजीनं दगडाभोवती काटेरी कुंपण घातलं. का, तर म्हणे दगड कुणी हलवू नये! शिवाय सगळ्या गायरानावर पहारा बसवला. तेव्हापासून गावाच्या गाई दावणीला उपाशी हंबरत होत्या.

आता या शब्दाची कुळकथा सांगायलाच हवी. जुन्या ताम्रपटांत गुराखी म्हणजे गुरं राखणारा, एवढंच होतं. पण हंबीरराजांच्या आजोबांनी लहानपणी अभ्यासात असे काही दिवे लावले, की पंतोजी रोज कपाळ बडवून म्हणत, "युवराज, तुम्ही गुरंच राखा!" पुढे हे आजोबा गादीवर बसले. पंतोजींनी शिकवलेलं तेवढं एकच वाक्य त्यांच्या लक्षात राहिलं होतं. ते त्यांनी प्रधानाला ऐकवलं, प्रधानानं कारकुनाला, कारकुनानं शिपायाला, आणि तीन पिढ्यांत ही शिवी थेट कोशात जाऊन बसली. पहिला मान कुणाचा होता, हे मात्र अनंतभटांनी कोशात लिहिलं नव्हतं. नोकरी कुणाला प्यारी नसते?

सटव्याच्या मागे त्याची मुलगी धुरपी उभी होती. बापाची मान खाली गेलेली पाहून ती भडकली.

"म्हाराज, आबाची साक्ष नको तर ऱ्हाऊ द्या. मी दुसरा साक्षीदार आणते!"

राजे हट्टी तर होतेच, शिवाय चेष्टेखोर होते. "आण की! पण कसा हवा, ऐक. कुणाचा मिंधा नसलेला, कुणाला पढवता न येणारा आणि जन्मात एकदाही खोटं न बोललेला! उद्या दुपारपर्यंत आण. नाही जमलं, तर गायरान पागेचं!"

दरबार खो खो हसला. असा माणूस मिळणार नाही, हे दरबाऱ्यांपेक्षा जास्त कोण जाणणार?

धुरपीनं विचारलं, "एक पुरं का सत्तावीस आणू?"

हसू जरा थांबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी राजे लवाजम्यासह गायरानात हजर झाले. समोर धुरपी, आणि तिच्या मागे गावाच्या सत्तावीस गाई.

"ही तर जनावरं!" अनंतभट ओरडले.

"व्हय. पर मिंध्या हायेत का कुणाच्या? कंदी खोटं बोलल्यात का?"

"हिनं पढवलं असणार त्यांना!" नरसोजी गुरगुरला.

"आठ रोज तुमचाच पहारा हाय की, सरकार! कवा पढवू? बरं, पयली गाय तुमीच निवडा."

नरसोजीनं शोधून शोधून म्हातारी, एकशिंगी मोरी निवडली. धुरपीनं तिचं दावं सोडलं आणि ती बाजूला झाली. मोरी ओढ्यावर जाऊन पोटभर पाणी प्यायली, मग वळून माळावरून सरळ चालत सुटली. एका मोकळ्या जागी थांबली, अंग तिरकं केलं आणि चक्क हवेवर मान घासायला गेली! आधार नव्हताच, तिचा तोल गेला, ती भेलकांडली, सावरली आणि पुन्हा घासायला गेली. धुरपीनं बाकीच्या गाईही सोडल्या. त्यासुद्धा पाणी पिऊन तिथंच गोळा झाल्या आणि आधी कोण म्हणून एकमेकींना ढुसण्या देऊ लागल्या.

"अगं, हे काय चाललंय?" राजांनी विचारलं.

"साक्ष, म्हाराज! ह्या माळावर एक झाड न्हाई. खाजवायला तेवढा शिवेचा दगड. दुपारचं पाणी पिलं की समद्या तिथंच जात्यात. आठ दिसांची खाज हाय, खोटं कशापायी बोलतील?"

राजांनी टाचेनं माती उकरली आणि शिपायांना खणायला लावलं. वरची गवताची ढेकळं अलगद निघाली, आणि खाली चांगला कमरेएवढा खड्डा, भुसभुशीत मातीनं भरलेला! नरसोजीचा चेहरा उतरला.

"अनंतभट, खोडा तो अर्थ!" राजे गरजले.

"खोडतो, महाराज. पण मग मूर्खाला म्हणायचं काय? दरबार आहे, शब्द तर रोज लागणार!"

राजांनी धुरपीकडे पाहिलं.

"म्हाराज, सत्तावीस गाई रोज ज्याला अंग घासत्यात, तो दगड चोरायचा आन् वाटायचं, कुणाला कळणार न्हाई! अशा माणसाला तुमच्या दरबारात काय म्हणत्यात?"

"पागेदार!" राजांच्या तोंडून निघून गेलं, आणि ते इतके हसले की डोक्यावरचं पागोटं खाली पडलं. तेच उचलून त्यांनी सटव्याच्या डोक्यावर ठेवलं, गायरान कायमचं गावाच्या नावे करून दिलं आणि धुरपीला म्हणाले, "पोरी, तुला काय देऊ?"

"मला काय नको. दगुड तेवढा परत बसवा. पर त्याला सांज हुईल, आन् ह्या बिचाऱ्या तवर..."

राजांनी डोळे पुसले. "नरसोजी! दगड येईपर्यंत तुम्ही त्या जागी उभे राहा. हलायचं नाही!"

नरसोजी उभा राहिला. पहिला मान मोरीचा होता.