वीरगळाचा वास

वेशीची दारं दिवेलागणीला बंद होत, त्या काळातली गोष्ट. कुत्र्यांच्या रोजच्या भांडणांना कंटाळून जुन्या पेठेतल्या माणसांनी वेशीलगतचं मैदान त्यांनाच देऊन टाकलं. अट एकच होती: तिथला जुना वीरगळ, लढाईत पडलेल्या वीराचा दगड, कुणी ओला करायचा नाही. केला, तर मैदान परत.

चांदी कुत्रीला ही जागा हवीच होती. तिची दोन पिल्लं गल्लीत बैलगाड्यांखाली गेली होती. उरलेलं एक अजून अंगावर पीत होतं.

पण मैदानाला नाव हवं होतं, आणि कुत्री नाव ठेवतात ते वासानं. तांबट आळीचा भुऱ्या म्हणाला, "नाव आमचंच," आणि वीरगळाकडे निघाला. कासार आळीचा झिपऱ्या गुरगुरला, "तुझ्या आधी मी." दोघांच्या मागे दोन्ही आळ्या दात विचकून उभ्या राहिल्या. कुंपणापाशी राखणदार काठी घेऊन पाहत होता.

चांदी पिल्लाला घेऊन गेली आणि वीरगळाला टेकून आडवी झाली.

"ऊठ, मावशे," भुऱ्या म्हणाला.

"कर की पाय वर. आधी माझ्याच अंगावर पडेल. तांबट आळीचं नाव पाठीवर घेऊन साऱ्या पेठेत हिंडेन मी."

भुऱ्याचा पाय वर गेला आणि तसाच राहिला. पिल्लू चुटूचुटू पीत होतं. मागून कुणीतरी फिसकन हसलं. खाजवायलाच उचलला होता असं दाखवत भुऱ्यानं त्या पायानं कान खाजवला आणि तो मागे फिरला. झिपऱ्याही पुढे आला नाही.

पिल्लू अंगावरचं पिणं सोडेपर्यंत चांदीची बैठक तिथेच होती. ती उठली, तेव्हा दोन्ही आळ्यांनी वीरगळ हुंगून पाहिला. त्याला दुधाचा वास येत होता. पेठेतली कुत्री ते मैदान अजून त्याच नावानं ओळखतात.