किल्लेदार अडकला तो बोळ

चिंचणगडाच्या दुहेरी तटामध्ये एक बोळ आहे. तो थेट खालच्या चोरदिंडीपाशी निघतो. भरल्या अंगाच्या माणसाला तिथून आडवंच सरकावं लागतं, आणि पोटाच्या उंचीवर दोन्हीकडचा दगड घासून गुळगुळीत झालाय. गडावरचे नाना गुरव पाहुण्यांना त्याचं कारण सांगतात.

फार पूर्वी इथे हैबतराव किल्लेदार होते म्हणे. त्यांनी पाथरवटाला बजावलं, "वाट माझ्यापुरतीच ठेव. गनिमाचे दोघे जोडीने आत येता कामा नयेत." पाथरवटाने मापही त्यांचंच घेतलं, पण घेतलं ते श्रावणात, किल्लेदार एकवेळ जेवत होते तेव्हा. बोळ पुरा झाला दिवाळीनंतर. मध्ये फराळ झाला होता.

अन् नेमकी तेव्हाच ओरड उठली, गनीम चोरदिंडीकडे चढतोय आणि दिंडीला अडसर घातलेला नाही! हैबतराव बोळात धावले. त्यांची बायको चिमाबाई तान्हं लेकरू दाईकडे देऊन मागोमाग निघाली. निम्म्या वाटेत किल्लेदार अडकले.

"अहो, सरका की पुढं!"

"कसा सरकू? श्वास घेतला की जास्तच रुततोय."

"मग घेऊ नका!"

एवढ्यात चार गनीम दिंडीतून आत शिरले. जिवंत किल्लेदार सापडला की गड आपोआप पडणार, म्हणून ते त्यांचे हात धरून ओढू लागले. चिमाबाईने मागून कमरेचा शेला धरून खेचलं. किल्लेदार तसूभर हलेनात. तिला रडूच फुटलं. "जाखमाते, ह्यांना सोडव गं, पोर माझं लहान आहे!"

तेव्हा देवीनेच तिला बुद्धी दिली असं सांगतात. तिने शेला सोडला, पदर खोचला, खांदा लावला आणि मागे ओढायचं टाकून पुढे ढकललं. पुढून चौघांचा जोर, मागून तिचा! किल्लेदार सुटले ते चौघांना घेऊनच. गनीम दिंडीच्या पायऱ्यांवरून गडगडत खाली गेले, किल्लेदार उंबऱ्यावर आडवे झाले. चिमाबाईने त्यांना पायाला धरून आत घेतलं आणि अडसर घातला. परतीला मात्र त्यांना दोर लावून तटावरून वर काढावं लागलं.

आजही नवं जोडपं देवीला आलं की नवऱ्याला बोळात उभं करतात. मेहुणे पुढून ओढतात, नवरी मागून ढकलते. काडीसारख्या नवऱ्यानेही अडकल्याचं सोंग करायचंच. खरं तर हा मान फक्त नव्या नवरीचा. पण लग्नाला दहा-दहा वर्षं झालेल्या बायकाही पदर खोचून रांगेत उभ्या असतात.