गडद निळी विहीर

“मग यात चूक नेमकी कुठे आहे, ते तरी सांगा.”

शरयू धामणस्करने नकाशा मास्तरांच्या टेबलावर पसरला आणि हाताची घडी घालून उभी राहिली. विचारलं होतं खरं, पण ऐकून घ्यायला ती आलीच नव्हती. ‘चूक नाही’ एवढंच तिला मास्तरांच्या तोंडून हवं होतं, आणि तेही आजच.

नाडगौडा मास्तर म्हणजे शास्त्रज्ञांचे चित्रकार. पानाच्या शिरा असोत, किड्याचा पाय असो, नाहीतर खडकाचे थर, कुणाचंही संशोधन चित्रातून लोकांपुढे मांडायचं तर त्यांनाच गाठावं लागे. आता हात थरथरायचा, पण शब्दाला वजन होतं. शरयू त्यांच्याकडे चित्रं शिकली, पुढे भूजलाच्या अभ्यासात डॉक्टर झाली, आणि तेव्हापासून तिची मान जरा ताठच झाली होती.

नकाशा सावरदऱ्याच्या विहिरींचा. कुठल्या पाण्यात फ्लोराइड किती, ते त्यात दाखवलं होतं. फ्लोराइड म्हणजे पोरांचे दात डागाळणारा आणि पुढे हाडं वाकवणारा क्षार. कमी तिथे फिकट निळा, जास्त तिथे गडद निळा. कोपऱ्यात रंगांची सूची, बारीक अक्षरांत. काम देखणं होतं, खोटं कशाला बोला. परिषदेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं होतं, आणि तिने स्वतः रंगवलेलं हे मूळ चित्र आता शहरातल्या संग्रहालयात लागायचं होतं.

तोच नकाशा काही वर्षांपूर्वी सावरदऱ्याच्या चावडीवर रंगवला गेला. झालं. गावाने फिकट विहिरी सोडल्या आणि सगळ्यात गडद विहिरीवर रांग लावली. निळं म्हणजे पाणी, गर्द निळं म्हणजे भरपूर आणि चांगलं पाणी. यात गावाचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. आता तिथल्या पोरांचे दुधाचे दात पडून नवे येत होते, ते तपकिरी.

आणि हाच नकाशा आता तालुक्यातल्या प्रत्येक गावात लावायचा बेत होता. तालुक्याच्या पाणी समितीत कुणीतरी शंका काढली. तेव्हा ठरलं, नाडगौडा मास्तर म्हणतील ते खरं. त्यांनी ‘चूक नाही’ म्हटलं की नकाशा आहे तसा छापायचा.

“सूची दिलीय ना, सर. गडद म्हणजे फ्लोराइड जास्त, स्वच्छ लिहिलंय. कुणी वाचलीच नाही तर मी काय करायचं?”

मास्तरांनी चष्मा काढला.

“नाचता येईना, अंगण वाकडं. तशी गत आहे त्या लोकांची.”

हे कुणी कुणाला म्हणावं…

मास्तरांनी चष्मा पुसला. “तू जाऊन आलीस तिथे?”

“परवाच. अख्खी दुपार चावडीपाशी उभी राहून सरपंचांना सूची समजावून सांगितली.”

“आणि ती गडद विहीर?”

“समोरच आहे. बायका पाणी भरत होत्या.”

मास्तरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

“शेवटी पटलं सरपंचांना,” ती घाईघाईने म्हणाली. “म्हणाले, आमचंच वाचायचं राहिलं.”

मास्तर पुढे वाकले. तळहात सूचीवर ठेवून त्यांनी ती पुरती झाकून टाकली.

“उन्हातनं आलीयेस. घसा कोरडा पडलाय. यातल्या कुठल्या विहिरीवर जाशील?”

शरयूला सगळं ठाऊक होतं. एकेक विहीर तिने स्वतः तपासली होती. तरी बोट उठलं आणि गडद निळ्याकडे निघालं. तिने ते अर्ध्यात आवरलं, पण मास्तरांनी पाहिलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि मग, जसं होतं तसं, रागच आला.

“हे तुम्हीच शिकवलंत. एकच रंग घ्यायचा. जास्त तिथे गडद, कमी तिथे फिकट. हे तुमचे शब्द आहेत, सर.”

“हो. माझेच.”

“मग?”

“शिकवताना मला तहान सुचली नव्हती.”

खापर फोडायला डोकं हवं होतं, ते म्हाताऱ्याने आपणहून पुढे केलं. तरी शरयूला बरं वाटेना.

“समिती वाट बघतेय. काय कळवू त्यांना? चूक तुमची, माझी, की गावाची?”

मास्तरांनी लाल रंगाची वाटी जवळ ओढली, ब्रश बुडवला आणि नकाशावर आणला. अगदी त्या गडद विहिरीच्या वर.

“सर, हे मूळ चित्र आहे.”

ब्रश खाली येऊ लागला.

“सर… माझ्या हातचं हे एकच आहे.”

ब्रश थांबेना. शरयू झेपावली आणि दोन्ही हातांनी तिने त्यांचं मनगट पकडलं. म्हाताऱ्याच्या हातावरच्या शिरा टरारून वर आल्या, इतकं घट्ट. रंगाचा थेंब बाजूला टेबलावर पडला. नकाशाला डागही लागला नाही.

तिचा श्वास फुलला होता. मास्तरांनी हात सोडवून घेतला नाही. तिच्या पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे ते कितीतरी वेळ बघत राहिले…

“परवा त्या विहिरीवर कुणाचा हात असा धरलास, शरयू?”