जास्तीचा स्क्रू

“...पण आक्का, माझं शिकायचं अजून राहिलंय तरी काय?”

शकूआक्कांच्या मांडीवर कुणाचा तरी व्हॅक्यूम क्लीनर आडवा पडला होता आणि त्या त्याच्या नळीला एक डोळा लावून आत बघत होत्या.

“विचारतोय मी.”

“ऐकतीय मी.”

गप्प बसणं हा धैर्यशीलचा स्वभाव नव्हता.

“फोनवर मशीनचा आवाज ऐकून बिघाड सांगतो मी. डोळे झाकून ड्रायर खोलतो, डोळे झाकून जोडतो. गिऱ्हाइकानं काहीही विचारू दे, माझं उत्तर तयार असतं.”

“ते खरं हाय,” आक्का म्हणाल्या. “उत्तर तयारच असतंय तुझं.”

त्याला ही शाबासकी वाटली.

जयसिंगपुरात कुणाचं वॉशिंग मशीन बिघडलं की लोक आक्कांचं दार ठोठावत. आक्कांच्या दुकानाला पाटी नव्हती, तिची कधी गरजच पडली नाही. धैर्यशील त्यांच्याच हाताखाली तयार झाला आणि आता दसऱ्याला स्वतःचं दुकान उघडणार होता. त्याची पाटी मात्र दुकानाच्या आधीच रंगून आली होती. तिच्यावर त्याच्या नावाआधी ‘तज्ज्ञ’ असं लिहिलेलं होतं.

अडलं होतं नारळाशी. उद्घाटनाचा नारळ आक्कांनी फोडावा अशी त्याची इच्छा, आणि आक्का नुसतं ‘बघू’ म्हणत होत्या. त्यांनी फोडला नाही तर लोक विचारणार, का नाही फोडला? या प्रश्नाचं उत्तर गावात कुणीही हौसेनं दिलं असतं, आणि मग त्या दुकानाची पायरी कोण चढणार? ही धाकधूक झाकायला तो पाटीच्या रंगाबद्दल बोलत राहिला.

आक्कांनी नळी खाली ठेवली आणि फळीवरची लोणच्याची बरणी पुढ्यात ओढली. तिच्यात लोणचं नव्हतं, सुटे स्क्रू होते. कधी, कुठून जमले ते आक्कांनाही आठवत नसे. त्या बोटांनी बरणीत चाळवत बसल्या.

“चौगुले काकूंचं मशीन फिरंना झालंय,” त्या म्हणाल्या. “जा, बघून ये. एकटाच जा.”

धैर्यशील उठलाच.

“तुझं दुकान त्यांच्याच कोपऱ्यावर व्हणार न्हवं? काकू बरं म्हटल्या तर अख्खी गल्ली तुझी. न्हाई म्हटल्या तर...” आक्का हसल्या. “काकूंचा आवाज तुला म्हाईतच हाय.”

“आणि नारळ?”

“आधी जाऊन तर ये.”

त्यांनी त्याच्या हातावर घडी घातलेलं एक जुनं फडकं ठेवलं. काढलेले स्क्रू फडक्यावर ओळीनं मांडायचे, म्हणजे जोडताना घोटाळा होत नाही, ही आक्कांची पद्धत. धैर्यशीलनं त्यासाठी लोहचुंबकाची नवीकोरी थाळी घेतली होती.

“थाळी आहे माझ्याकडं.”

“आज हे ने.”

...

चौगुले काकूंचं मशीन मागच्या अंगणात, न्हाणीला लागून होतं. काकू समोरच पाट टाकून बसल्या. काम करणाऱ्या माणसावर नजर ठेवणं त्यांना टीव्हीवरच्या मालिकेपेक्षा आवडायचं.

“पट्टा तुटलाय,” धैर्यशील म्हणाला.

“का तुटला?”

“तुम्ही चादरी कोंबता म्हणून.”

“आणि कमलच्या मशीनचा का तुटला? ती तर दोन टावेल लावती.”

“वापरच नाही म्हणून.”

काकूंनी मान डोलावली. उत्तर पटलं की नाही ते कळलं नाही, पण ते फटकन आलं हे त्यांना आवडलं.

काढलेले स्क्रू फडक्यावर ओळीनं मांडले गेले, नवा पट्टा चढला. मागचं झाकण बसलं. बटण फिरवताच चादरी पाण्यात गरगर फिरू लागल्या, आणि काकू खूश होऊन चहा टाकायला आत गेल्या.

धैर्यशीलनं फडकं उचललं आणि झटकलं.

टिंग...

फरशीवर एक स्क्रू.

अंगणात कुणी नव्हतं. मशीन सुरळीत चाललं होतं. त्यानं स्क्रू उचलला, उलटासुलटा करून बघितला... आणि खिशात टाकला.

काकू चहा आणि चिवड्याची बशी घेऊन आल्या.

“दसऱ्याला उघडतोयस न्हवं? मी सगळ्या बायकांस्नी सांगते, पोरगं लई हुशार हाय.”

एरवी हे ऐकून त्यानं दोन बशा चिवडा जास्त खाल्ला असता. आज बशी तशीच राहिली. त्यानं कसाबसा कप रिकामा केला, पिशवी उचलली, चपला घातल्या. फाटकापर्यंत गेला. मागं मशीन चाललेलं ऐकू येत होतं.

फाटकाची कडी त्याच्या हातात होती...

तो मागं फिरला.

“काकू, मशीन बंद करा.”

“का रं? झ्याक चाललंय की!”

त्यानं खिशातला स्क्रू काढून तळहातावर ठेवला.

“हा उरला.”

“कुठला ह्यो?”

धैर्यशीलनं तोंड उघडलं. उत्तर आलं नाही. त्यानं पुन्हा उघडलं.

“...माहीत नाही.”

काकूंनी एकदा स्क्रूकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. मग भिंतीपलीकडे तोंड करून हाक मारली.

“अगं ए कमल! ये की बघायला! पोराला एक स्क्रू जास्तीचा झालाय!”

कमलवहिनी आल्या. त्यांच्या मागून त्यांच्या सासूबाई आल्या. पलीकडच्या घरातल्या दोघी हातातलं पीठ न धुताच आल्या. धैर्यशीलच्या दुकानाचं उद्घाटन दसऱ्याच्या आधी, नारळाविना, इथंच उरकतंय असं त्याला वाटलं.

“आमच्या ह्यांनी मिक्सर खोलला तवा मूठभर उरले हुते,” कमलवहिनी म्हणाल्या. “मिक्सर आधीपरीस बरा चालतोय.”

“दे टाकून गटारीत,” सासूबाई म्हणाल्या. “कोण बघतंय?”

“चालतंय न्हवं? मग झालं,” काकू म्हणाल्या. “मी काय कुणाला सांगत न्हाई.”

यावर सगळ्या बायका इतक्या हसल्या की काकूंनाही हसू आवरेना.

धैर्यशीलला हसू आलं नाही. त्याचे कान लाल झाले होते. तो खाली बसला आणि सगळ्यांच्या देखत त्यानं मशीन बंद करून पुन्हा खोललं.

प्रत्येक भोकात स्क्रू होता. मोटार घट्ट. पट्टा ताठ. त्यानं बॅटरी मारून खाली बघितलं, हात घालून चाचपलं. कुठं काही कमी नव्हतं. सगळ्या जागा भरलेल्या, आणि तरी एक स्क्रू हातात.

“मिळाली का जागा?”

“नाही.”

“मग रं?”

“मग हे चालू करू नका. मी आक्कांना घेऊन येतो.”

“आणि माझ्या चादरी?”

चादरी मशीनमध्ये साबणाच्या पाण्यात तशाच पडल्या होत्या. धैर्यशीलनं बाह्या वर सारल्या, चादरी बाहेर काढल्या, नळाखाली खळबळल्या आणि पिळून एकेक दोरीवर टाकल्या. बायका आता हसत नव्हत्या. कमलवहिनींनी मुकाट्यानं दुसरं टोक धरलं.

...

आक्का तिथंच होत्या. नळी पुन्हा डोळ्याला.

“आलास?”

“आलो.”

“चाललं मशीन?”

“चाललं. पण बंद करून आलोय.”

त्यानं स्क्रू त्यांच्यापुढं ठेवला.

“हा कुठला तेच कळेना. सगळ्या जागा भरल्यात, आक्का. पुन्हा खोलून बघितलं. तरी हा उरतोय.”

“काकूंस्नी काय सांगितलंस?”

“...माहीत नाही म्हटलं.”

“हळूच म्हटलास?”

“काकूंच्या दारात हळू काय होतं का? सगळी गल्ली गोळा झाली होती.”

आक्कांनी तोंडाला पदर लावला. त्यांचे खांदे हलत होते.

“हसू नका, आक्का. नारळाचं राहू दे. पाटीवरचं ते ‘तज्ज्ञ’ पण पुसायला सांगतो. तुम्ही फक्त आत्ता चला. त्यांचं मशीन तसं ठेवून मला झोप यायची नाही.”

आक्कांनी हसू पुसलं. मग त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात माया होती, आणि त्यांनी ती लपवली नाही.

“काकूंचा फोन आलता मगाशी.”

धैर्यशीलनं डोळे मिटले.

“काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, पोरगं खुळं हाय. पण हितनं फुडं आमच्या मशीनला ह्योच पायजे.”

“...खरं?”

“मी म्हटलं, मशीन लावा खुशाल.”

“लावा म्हटलं? अहो, पण हा स्क्रू...”

आक्कांनी स्क्रू उचलला, पदराला पुसला आणि लोणच्याच्या बरणीत टाकला.

टिंग...

धैर्यशीलनं बरणीकडे बघितलं. मग हातातल्या फडक्याकडे. त्याच्या दुमडलेल्या काठात एका जागी टाके उसवलेले होते आणि आत स्क्रूच्या डोक्याएवढा तांबूस डाग होता.

“आक्का... तो त्या मशीनचा नव्हताच?”

आक्का नळीत बघत होत्या.

“तुम्हीच घातला होता ह्यात?”

आक्का नळीतच बघत होत्या.

“आणि मी तिथं सगळ्यांसमोर... मशीन खोलून... चादरी पिळून...” त्याला राग येत होता, पण मध्येच हसूही फुटत होतं. “मग तो बसतो तरी कुठं?”

आक्कांनी नळीत जोरात फुंकर मारली. दुसऱ्या टोकानं धुळीचा लोट बाहेर पडला आणि दोघंही शिंकले.

“बसायचा तिथं बसला की,” आक्का म्हणाल्या. “दसऱ्याला किती वाजता यायचं तेवढं सांग.”