डब्यावरचं नाव

एका गावात एक भांड्यांचे व्यापारी होते, आणि त्यांच्या घरात डब्याबाहेर काही राहत नसे. त्यांचं नाव मुकुंदशेठ. बाजारपेठेत तांब्या-पितळेचं दुकान त्यांचंच जुनं, आणि भांड्यावर नाव घालावं तर त्यांनीच. हातात छिन्नी-हातोडी घेऊन बसले की ठिपक्याला ठिपका जोडत अशी अक्षरं उठवायचे की बाई नुसतं नाव बघून हंडा घ्यायची. “भांडं चेपेल, फुटेल, पण नाव राहील,” असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत.

घरीही तोच कारभार. चष्म्याला डबा, किल्ल्यांना डबा, टीव्हीच्या रिमोटलासुद्धा झाकणाचा डबा, आणि प्रत्येक डब्यावर शेठचं नाव. जे उघडं राहिलं ते गेलं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या पत्नी कुमुदकाकू म्हणायच्या, या घरात मीच तेवढी झाकणाशिवाय उरले आहे.

समोरच्या घरात अनसूयाबाई आणि त्यांची मुलगी केतकी राहत. मधे फक्त बोळ. केतकी तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करायची आणि दुपारी गल्लीतल्या लहान पोरांना ओट्यावर बसवून शिकवायची. शेठच्या घरी इंटरनेट आलं तेव्हा त्यांनी आपण होऊन तिला पासवर्ड दिला होता. दिला तो दिला, वर अख्ख्या बाजारपेठेत सांगितलंही. दानाची पावती फाडल्याशिवाय काहींना दान पचत नाही.

दोन्ही घरांत डब्यांची ये-जा असे. इकडून चिवडा गेला की तिकडून तोच डबा शेवग्याच्या शेंगा नाहीतर गूळ घेऊन यायचा. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आपल्याकडची रीत अनसूयाबाईंनी कधी मोडली नव्हती. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी असायची.

शेठचा मुलगा श्रीरंग कॅनडात. त्याला मुलगी झाली. बारसं तिकडेच होणार होतं, म्हणून शेठनी ते बघायला तालुक्याहून नवा कोरा लॅपटॉप आणला. कुमुदकाकूंनी त्याला हळदकुंकू लावलं, शेठनी नारळ वाढवला. मग शेठची नजर भिंतीवर लटकणाऱ्या राऊटरकडे गेली. त्यावर धूळ बसली होती, वायरी लोंबत होत्या, आणि मागे एक पाल दडली होती. इतकी नवी वस्तू घरात आणायची आणि तिला नेट पुरवणारा असा उघडावाघडा, हे काही त्यांना बरं दिसेना. दुकानातला सगळ्यांत जाड पितळी डबा त्यांनी आणला, काठाला वायरींपुरत्या खाचा पाडल्या, राऊटर आत बसवला, झाकण घट्ट लावलं. डब्यावर नाव घातलं होतंच. मग हात झटकून म्हणाले, आता कशाची काळजी नाही.

आणि नेट रांगू लागलं.

पहिल्यांदा शेठनी लॅपटॉप बंद करून चालू केला. मग सगळ्या घराची वीजच बंद करून चालू केली. लॅपटॉप खिडकीत ठेवला, ओट्यावर ठेवला, गच्चीवर नेऊन पाण्याच्या टाकीवर ठेवला. जितकं लांब जावं तितकं नेट कमी, म्हणून पुन्हा खाली आणला. इंटरनेट कंपनीला फोन केला. तिथला माणूस म्हणाला की तुमच्या घरापर्यंत वायरीतून पूर्ण नेट येतंय. मग शेठ लॅपटॉप काखोटीला मारून एसटीने तालुक्याला गेले आणि दुकानदाराच्या टेबलावर आदळणारच होते. तिथे लॅपटॉपवर नेट असं धावलं की शेठनी तो तसाच परत काखोटीला मारला.

परत येताना शेठनी एसटीत बसून हिशेब मांडला. वायरीतून नेट पूर्ण येतंय. लॅपटॉप चांगला आहे. म्हणजे मधल्यामधे कुणीतरी नेट पितंय. पासवर्ड कुणाकडे आहे, हे आठवायला त्यांना फार वेळ लागला नाही. त्यांनी सगळं तपासलं होतं. एक डबा तेवढा उघडला नव्हता, कारण तो त्यांनी स्वतः लावला होता.

बारशाचा दिवस आला. आपल्याकडे संध्याकाळ, तिकडे सकाळ. गल्लीतली मंडळी शेठच्या माजघरात जमली. कुमुदकाकूंनी घुगऱ्या वाटल्या. पडद्यावर पाळणा दिसला, सुनेचा हिरवा शालू दिसला. तिकडची मानलेली आत्या बाळाच्या कानाशी वाकली, कानात ‘कुर्र’ करणार, तेवढ्यात चित्र थिजलं. आत्या वाकलेली ती वाकलेलीच. मधूनच पाळण्याच्या गाण्याचा एक तुकडा आला आणि तोही तुटला. शेवटी पडदा काळा झाला. नातीचं नाव शेठना ऐकू आलं नाही. नंतर ते मुलाने फोनवर सांगितलं, पण बारशात ऐकलेलं नाव वेगळं आणि मागाहून फोनवर कळलेलं वेगळं.

शेठचे डोळे भरून आले होते. माणसाला रडू लपवायचं असलं की तो रागावतो. ते दारात उभ्या असलेल्या केतकीकडे वळले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “आजचा एक दिवस तरी सोडायचं होतंस. माझ्या नातीचं बारसं तुझ्या फोनने खाल्लं.”

केतकीला आधी कळलंच नाही. मग ती हळूच म्हणाली, “काका, माझ्याकडं तर लॅपटॉप आला त्या दिवसापासून नेट येतच नाही. तुम्ही बंद केलं असेल म्हणून मी विचारलं नाही.”

“म्हणजे येतंय का ते रोज बघत होतीस,” शेठ म्हणाले.

लोक हसले. खरं तर वाक्य फारसं मजेदार नव्हतं, पण शेठच्या घुगऱ्या सगळ्यांच्या तोंडात होत्या. केतकीने मान खाली घातली आणि ती गेली. अनसूयाबाईही उठल्या. हातातली घुगऱ्यांची वाटी त्यांनी तशीच खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेठचा एक डबा परत पाठवला. घासून लख्ख केलेला. कुमुदकाकूंनी झाकण उघडलं तर डबा रिकामा.

गावात बातमीला पाय असतात आणि बदनामीला चाकं. केतकी कुणाच्या घरी गेली की लोक फोन पालथे ठेवू लागले. आयांनी पोरांना तिच्या ओट्यावर पाठवणं बंद केलं. जी नेट चोरते ती पोरांना काय शिकवणार, असं एकीने म्हटलं आणि बाकीच्यांनी ते उचललं. दुपारी तो ओटा रिकामा दिसे. शेठनी पासवर्ड बदलला होता, तरी नेट रांगतच होतं. त्यावरही त्यांचं उत्तर तयार होतं: पोरगी हुशार आहे, नवाही शोधला असेल.

मग एके सकाळी कुमुदकाकू पितळ घासायला बसल्या. चिंच भिजत घातलेली होती, घरातली सगळी भांडी अंगणात निघाली. राऊटरचा डबाही काळवंडला होता, म्हणून त्यांनी राऊटर बाहेर काढून फळीवर ठेवला आणि डबा घासायला नेला. तेवढ्यात श्रीरंगचा फोन लॅपटॉपवर आला. चित्र आरशासारखं स्वच्छ. नात शिंकली तर तिच्या नाकाचा शेंडा हललेला दिसला. शेठ खूश झाले. केतकीला चांगलाच धाक बसला, म्हणाले.

कुमुदकाकू चकचकीत डबा घेऊन आत आल्या, राऊटर त्यात ठेवला, झाकण लावलं. नातीचा चेहरा थिजला. काकूंनी झाकण काढलं, राऊटर बाहेर घेतला. नात हसली. काकूंनी पुन्हा राऊटर आत ठेवला, पुन्हा झाकण लावलं, आणि पुन्हा नातीचा चेहरा थिजला. नेट कुणी पीत नव्हतं. पितळेने ते कोंडलं होतं.

शेठच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. खिडकीतून समोरचा रिकामा ओटा दिसत होता. त्यांनी खिडकी लावून घेतली.

खरी परीक्षा इथे होती, आणि शेठ तिच्यात पहिल्या झटक्याला नापास झाले. त्यांनी तो डबा अंथरुणात गुंडाळून माळ्यावर टाकला. कुणी विचारलंच तर ‘कंपनीने काहीतरी केलं’ असं सांगायचं ठरवलं. काकू खालूनच म्हणाल्या, “डबा लपवलात. त्यावरचं नाव कुठे लपवणार?”

शेठ गप्प बसले. पण गप्प बसणंही गप्प बसत नाही. नेट चालू लागल्याचं गल्लीला कळलं, आणि लोकांनी आपापला अर्थ काढला. पोरीला हटकलं तेव्हाच नेट सुधारलं, म्हणजे चोरी तिचीच. काल जो संशय होता तो आज पुरावा झाला. शेठना बाजारात लोक शाबासकी देऊ लागले, आणि प्रत्येक शाबासकी त्यांना थोबाडीत मारल्यासारखी लागे. त्यांना जेवण जाईना. समोरून केतकी आली की ते रस्ता बदलत. पांढऱ्या केसांचा माणूस पोरीसोरीला भिऊन गल्लीबोळातून पळतो, याची त्यांना स्वतःलाच लाज वाटे.

एक दिवस गल्लीतली एक बाई लेकाच्या मुंजीसाठी तांब्या घ्यायला आली. शेठ तिच्यासमोर नाव घालत बसले. ती म्हणाली, “बरं झालं तुम्ही पकडलंत शेठ. नाहीतर आम्ही तिलाच बाई म्हणून पोरं सोपवत होतो.”

शेठचा हात हलला. छिन्नी घसरली आणि नव्या तांब्यावर आडवी रेघ उठली. ती रेघ चिंचेने जात नाही, राखेने जात नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्यांनी तांब्या बाजूला ठेवला, दुकानाचं दार ओढून घेतलं आणि भरदुपारी घरी आले.

आधी ते समोर गेले. अनसूयाबाईंना म्हणाले, संध्याकाळी घरी या, सगळ्यांना बोलावतोय, मला काही सांगायचं आहे.

अनसूयाबाई दारातूनच म्हणाल्या, “आम्ही नाही येत, शेठ. मागल्या खेपेला आलो होतो.”

शेठ परत फिरले. मग त्यांनी ठरवलं, की जे करायचं ते त्या बंद दारासमोरच करायचं. संध्याकाळी त्यांनी राऊटरची वायर लांबवून आपल्या ओट्यावर आणली, लॅपटॉप मांडला आणि माळ्यावरचा डबा काढला. बारशाला आलेली सगळी माणसं बोलावली. लोकांना वाटलं, बारसं राहिलं होतं ते आता बघायचं. घुगऱ्या नव्हत्या, त्याचं थोडं वाईटही वाटलं.

पडद्यावर श्रीरंग आणि नात दिसत होती. शेठनी राऊटर डब्यात ठेवून झाकण लावलं. चित्र थिजलं. झाकण काढून राऊटर बाहेर घेतला, चित्र हललं. समोरच्या खिडकीत केतकी उभी होती.

शेठनी डबा सगळ्यांसमोर उचलून धरला. “त्या दिवशी मी चोर शोधत होतो. चोर हा डबा आहे. वाचता येणाऱ्यांनी जवळ येऊन वाचावं, त्यावर नाव कुणाचं आहे ते.”

कुणी पुढे आलं नाही. नाव लांबूनच दिसत होतं. मग शेठ म्हणाले, “हे मला बरेच दिवस माहीत होतं, तरी मी तोंड उघडलं नाही. पोरीवर आरोप केला ती चूक होती. गप्प बसलो ते पाप होतं.”

बारशाच्या दिवशी हसलेली माणसं आता आपापल्या पायांकडे पाहत होती. तांब्यावाली बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. समोरची खिडकी उघडीच राहिली, पण केतकी आत गेली होती.

दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः त्याच पितळी डब्यात बेसनाचे लाडू घेऊन समोर गेले. अनसूयाबाईंनी डबा घेतला, या बसा म्हटलं नाही. दिवसांमागून दिवस गेले. एक-दोन पोरं पाटी घेऊन केतकीच्या ओट्यावर दिसू लागली. डबा मात्र परत आला नाही. शेठ रोज दुकानात जाताना समोरच्या दाराकडे पाहत आणि मान खाली घालून पुढे जात.

एके दिवशी केतकी डबा घेऊन आली. शेठनी झाकण उघडलं. तळाशी चिमूटभर साखर होती.

“आईनं सांगितलंय,” केतकी म्हणाली, “भरून द्यायला अजून वेळ लागेल. पण रिकामा द्यायचा नाही.”

शेठनी ती साखर खाल्ली नाही. डबा झाकण न लावता फळीवर ठेवला, राऊटरच्या शेजारी, येणाऱ्या-जाणाऱ्याला नाव दिसेल असा.

तात्पर्य: चोर बाहेर शोधण्याआधी आपण स्वतः लावलेलं झाकण उघडून पाहावं. आणि चारचौघांत लावलेला डाग चारचौघांतच पुसावा, कारण खरं कळूनही जो गप्प बसतो, तो तोच खोटा आरोप रोज नव्याने करत असतो.