भुरकूची पहिली बिअर

प्राणी आपापली बिअर घरीच बनवत, त्या काळातली ही गोष्ट. भुरकू अस्वलाने या वेळी सगळं स्वतःच्या हातांनी करायचं ठरवलं. शेजारच्या साळूताईने कृती सांगितली. त्याने जवाला मोड आणले, ते वाळवून भरडले, गरम पाण्यात भिजवून गोड पाणी गाळलं, उकळलं आणि मडक्यात आंबायला ठेवलं.

पाचव्या दिवशी त्याला राहवेना. साळूताईला बोलावून त्याने मडकं उघडलं. पहिल्याच घोटाला तोंड वाकडं झालं. बिअर पचपचीत होती आणि तिला कच्च्या पिठाची चव होती.

"याच्यासाठी माझी कंबर मोडली?" भुरकू कडाडला. "जव भिकार, पाणी भिकार आणि तुझी कृती त्याहून भिकार!"

"अरे, मी तीन आठवडे ठेव म्हटलं होतं."

"एवढं राबायचं आणि वर वाटही बघायची?" म्हणत त्याने मडकं उचललं आणि बिअर उतारावर ओतून दिली. तळाला उरलेली साळूताईने पोकळ वाळक्या भोपळ्यात भरून घरी नेली.

सोळा दिवसांनी तिने त्याला वाटीभर बिअर दिली. ती थोडी कडवट होती, पण खरपूस आणि मस्त होती.

"कुणी केली ही?"

"तूच."

"मग एवढीशीच का?" भुरकू भडकला. "बाकीची कुणी संपवली?"

साळूताईने उताराकडे बोट दाखवलं. भुरकूने वाटी चाटून साफ केली. अंगात संताप मावत नव्हता, पण ओरडावं कुणावर, ते त्याला सुचेना.